एकेचाळीस नंबरचं गाणं

वहबीच्या संग्रहात तीनशे बारा गाणी आहेत. लग्नाची आहेत, सुंतेची आहेत, ऊसतोडीची, रहाटाची, दळणाची, हजला निघालेल्या म्हाताऱ्यांना निरोप देण्याची. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, स्वरलिपी, सगळं त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. फक्त एकेचाळीस नंबरच्या गाण्याखाली ‘विलाप, एका आईसाठी’ एवढंच लिहिलेलं आहे. कुणाची आई, कुणी गायलं, काही नाही. असल्या बाबतीत हलगर्जीपणा करणारा हा माणूस नव्हे. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही, इतकं सरळ आहे ते.

तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि नाईलकाठच्या केना शहरातल्या सरकारी शाळेत संगीत शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, सकाळी पोरं रांगेत उभी राहिली की अकॉर्डियनवर राष्ट्रगीत वाजवायचा आणि गणिताचे मास्तर आजारी पडले की त्यांच्या तासाला पोरांना गप्प बसवायचा. त्याचा खरा दिवस शुक्रवार. कैरोच्या कुठल्याशा कार्यालयानं त्याला बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर वापरायला दिला होता. ते धूड खांद्याला लटकवून तो होडीनं नाईलपलीकडे जायचा आणि वाडी-वस्तीवर ओट्याओट्यावर बसून गाणी गोळा करायचा. माणसांना बोलतं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. साखरेचा पाक झालेला काळा चहा सात घरी सात पेले प्यायचा, पोराबाळांची नावं लक्षात ठेवायचा. लोक त्याच्यासाठी आनंदानं गायचे.

एकच गोष्ट त्याला कुणी देईना. मरणाची गाणी.

ती बायका म्हणतात, आणि घरात मयत झालं तरच म्हणतात. उगाच चुलीपाशी बसून एखादी पोर ती चाल गुणगुणली तर आईची चापट बसलीच समजा. ते गाणं रिकामं सोडायचं नसतं. कुणासाठी म्हटलं ते त्याला ठाऊक नसलं, तर ते आपलं माणूस शोधायला निघतं, अशी तिकडची पक्की समजूत. ती खरी की खोटी ते मला विचारू नका. मी काही कधी आजमावून पाहिलेली नाही.

या गाण्यांत सगळ्या पंचक्रोशीत पहिलं नाव नबविया खालाचं. गिम्मेझा नावाच्या वस्तीत ती राहायची; सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. पन्नाशीला टेकलेली, उंच, आवाजाला जराशी खर. वहबी लागोपाठ चार शुक्रवार तिच्या दारात जाऊन बसला.

“खाला, नुसत्या चार ओळी.”

“चहा पी.”

“कुणासाठी म्हणू नका. माझ्या या यंत्रासाठी म्हणा.”

“तुझं यंत्र मेलंय का?” नबविया म्हणाली. ओट्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. “ते मेलं की घेऊन ये. मग बघू.”

“खाला, तुमच्यामागे हे सगळं नाहीसं होईल हो. पुढच्या पोरींना काही यायचं नाही.”

“पुढच्या पोरींना मरायचं नाहीये का? येईल त्यांना. तू चहा पी आणि होडी चुकवू नकोस.”

पाचव्या शुक्रवारी तो आला तो मान खाली घालून. ओट्यावर बसला आणि म्हणाला, “खाला, माझी आई गेली.”

हे आपल्या तोंडून अवचित निघून गेलं, असं तो पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिला. पण तीन दिवस त्यानं दाढी केली नव्हती, आणि यंत्रात नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या. तेव्हा अवचित वगैरे काही नव्हतं.

 नबवियानं हातातलं पीठ झटकलं, त्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं आणि म्हणाली, “अरे माझ्या लेकरा! आणि चार शुक्रवार मी तुला मरणावरून चिडवत होते.” तिनं आत जाऊन काळं लुगडं गुंडाळलं, डोक्याला निळीत बुडवलेला पट्टा बांधला. शेजारच्या बायका न बोलावता जमल्या.

“कशी होती रे ती? सांग. मला ठाऊक नसलं तर मी काय म्हणू?”

वहबीनं डोळे मिटले आणि सांगायला लागला. गाणं चांगलं व्हायला हवं होतं, म्हणून त्यानं काही राखून ठेवलं नाही. आईचं नाव, गिरग्याजवळच्या गावातलं घर, गच्चीवरची मातीची कबुतरखाणी, अम्मा रोज उन्हं कलली की दाणे टाकते ते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. तरुणपणी गच्चीवरून पडली म्हणून डावा पाय ओढत चालते, पण उंबरा ओलांडताना आधी उजवाच टाकते. इतकं बारीक त्यानं आईकडे कधी पाहिलंय, हे त्यालाही सांगता सांगताच कळलं. ‘चालते’च्या जागी ‘चालायची’ म्हणायची मात्र त्यानं खबरदारी घेतली.

“एवढं ध्यानात ठेवलंस आईचं,” नबविया डोळे पुसत म्हणाली. “गुणाचा आहेस.”

“खाला, बहिणीला येता आलं नाही. तिला ऐकवायला भरून घेऊ का?” हे दुसरं खोटं. पहिल्यापुढे ते काहीच नव्हतं.

आणि नबविया डोलायला लागली. पहिली ओळ ती म्हणायची, दुसरी बायका उचलायच्या.

*कबुतरांनो, उतरू नका, दाणे कोण टाकील,*
*हाक मारणारी खाली झोपलीय, माती पांघरून.*
*कमरेच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला,*
*कोठीचं दार विचारतंय, उघडणारी कुठे?*

वहबीची नजर यंत्राच्या सुईवर होती. सुई लाल रेघेला शिवत होती, म्हणून आवाज जरा उतरवला. चालीत एक स्वर असा होता, जो अकॉर्डियनवर सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतो. तो त्यानं मनात टिपून घेतला. मधेच एकदा खालाला थांबवून एक ओळ परत घेतली. तिनं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी उत्तर दिलं. फीत संपत आली होती, तिकडे त्याचं लक्ष होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोकळ्या तासाला त्यानं स्वरलिपी उतरवली. स्वतःचा आवाज आला की तो फीत पुढे ढकलायचा. दुपारपर्यंत एकेचाळीस नंबर पुरा झाला आणि आठवडाभर तो हवेत होता.

विलाप झाला म्हणजे विषय संपला, असं त्याला वाटलं होतं. चाळिसाव्या दिवसाचा त्यानं विचारच केला नाही. इतकी वर्षं गावोगाव हिंडून बायकांच्या चालीरीती वहीत लिहिणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये! मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

त्या सुमारास त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून त्याची आई घर सांभाळायला केनात येऊन राहिली होती. तफीदा तिचं नाव. गुरुवारची सकाळ. वहबी शाळेत. दार वाजलं, तफीदानं उघडलं. बाहेर काळ्या कपड्यातली एक उंच बाई, डोक्यावर पाटी, पाटीत फडक्याखाली उन्हात फुगवून भाजलेल्या भाकरी आणि खजूर.

“वहबी उस्तादांचं घर हेच ना? आज त्यांच्या आईचं चाळिसावं. गरिबांत वाटायला भाकरी आणल्यात. आमच्या वस्तीतल्या बायकांनी मिळून केल्यात.”

तफीदा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. “कुणाच्या आईचं?”

“वहबी उस्तादांच्या.”

“त्याला आई दोन आहेत असं मला तरी कुणी बोललं नाही,” तफीदा म्हणाली. “पहिली तर मी.”

नबवियाची नजर तिच्या हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांवर गेली. मग किल्ल्यांवर. मग डाव्या पायावर. पाटी उतरवून ती पायरीवरच बसली.

वहबी दुपारी खांद्यावर अकॉर्डियन घेऊन घरी आला तेव्हा दोघी चहा पीत होत्या. मधे पाटी होती आणि अम्मा त्यातली भाकरी मोडून गुळाच्या काकवीत बुडवून खात होती.

“ये बाबा,” ती म्हणाली. “माझ्या चाळिसाव्याचं जेवण आहे. मयताच्या हातचं चालतंय ना तुला?”

वहबीला बसावं की पळावं कळेना. “अम्मा... खाला... मी समजावून सांगतो.”

“काही सांगू नकोस,” नबविया म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मी नाही म्हटलं होतं, उस्ताद. चार वेळा म्हटलं होतं. माझ्या ‘नाही’ला काही मोल होतं की नव्हतं? माझी आई गेली तेव्हा रडले तशी मी त्या दिवशी रडले. आता या बाईसाठी माझ्याजवळ जे होतं ते देऊन झालंय. हिची वेळ येईल तेव्हा मला बोलवू नकोस. एका बाईवर दोनदा रडत नाहीत. दुसरं रडणं दुसरं माणूस शोधतं.”

“अल्लाह तिला आयुष्य देवो,” वहबी कसाबसा पुटपुटला.

“देईलच,” असं म्हणून नबविया उठली. दारात तिनं तफीदाचे दोन्ही हात हातात घेतले. “बहिणी, तुझ्यावर गायलेलं वाईट नव्हतं हो. मनापासून होतं.”

“काय म्हणालीस माझ्यावर?”

“आता तोंडावर कसं सांगू?”

ती गेली. तफीदानं दार लावलं आणि पदराला डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं की कशानं, ते वहबीनं विचारलं नाही.

त्यानंतर तफीदा वीस वर्षं जगली, आणि वीस वर्षं तिनं ही गोष्ट सांगितली. गिरग्याच्या बाजारात सांगितली, नातवांच्या बारशांत सांगितली, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितली. ताप आला की म्हणायची, “मेलेल्याला औषध कशाला?” नवे कपडे आणले की, “पुरलेलीला घालायला?” लोक हसून लोळायचे. वहबीही हसायचा, पण नजर चुकवून. त्यानं ती फीत कापडात गुंडाळून कपाटावर टाकून दिली आणि पुन्हा कधी यंत्रावर चढवली नाही. गाणी मात्र वाढत गेली. संग्रहाचं पुस्तक निघालं, तो जिल्ह्याचा संगीत निरीक्षक झाला, कैरोहून मुलं त्याला भेटायला यायला लागली.

थट्टा नसलेलं असं अम्मा त्याच्याशी या विषयावर दोनदाच बोलली. एकदा, मधल्या काळात कधीतरी, केनाच्या घरी वाटाणे सोलता सोलता.

“वहबी, ते माझं गाणं. ऐकव की एकदा.”

“ती फीत कैरोला पाठवली, अम्मा.”

“अस्सं,” ती म्हणाली. “मला आपलं वाटलं, बघावं काय म्हटलंय. नाहीतरी कुणाला आपलं ऐकायला मिळतं?” आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

फीत तिच्या डोक्यापासून चार हातांवर, त्याच खोलीतल्या कपाटावर होती. ऐकवली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. ती हसली असती, एखादी चूक काढली असती, बहुतेक थोडं रडलीही असती. पण स्वतःची लाज झाकण्यापुढे त्याला आईची हौस दिसली नाही.

दुसऱ्यांदा बोलली ती गावच्या घरी, शेवटच्या हिवाळ्यात, अंथरुणावरून. वहबीची धाकटी बहीण रतीबा तिचे पाय चोळत होती.

“मला मुकी नेणार का रे तुम्ही?” तफीदानं विचारलं. “इथल्या एकीलाही तोंड उघडायचा धीर होणार नाही. मीच सगळ्यांना सांगून बसलेय ना, माझं रडून झालंय म्हणून. माझ्याच तोंडानं माझं वाटोळं केलं मी.”

“मी नबविया खालाला आणीन,” वहबी म्हणाला. “पाया पडून आणीन. शब्द देतो.”

“बघ हं,” ती म्हणाली. “माझी सासूसुद्धा वाजत गाजत गेली. ती मेली किती खाष्ट होती, तुला माहितीये.”

ती मंगळवारी गेली. दुपारच्या नमाजानंतर माती दिली. पुरुष बाहेर मांडवात बसले, कुराण वाचणारा आला, सगळं रीतसर झालं. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत होत्या, पण नुसत्या मुसमुसत. पहिली ओळ कुणीच घेईना. जिच्यावर एकदा रडून झालंय तिच्यावर पुन्हा म्हणायचं म्हणजे या खोलीतल्या कुणाला तरी हाक मारायची. प्रत्येकीची पोरं होती.

रतीबा बाहेर आली. तिनं अम्माच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा थोरला म्हणून वहबीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “दादा, आपली अम्मा मुकी चाललीय. तू शब्द दिला होतास.”

बुधवारी पहाटेच्या गाडीनं तो केनाला गेला, तिथून होडीनं पलीकडे. नबविया खाला आता सत्तरीची होती, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. त्यानं खरोखरच तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“खाला, माझी आई गेली.”

“या वेळी खरी?” तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती.

“काल माती दिली.”

तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. “भली बाई होती. स्वतःच्या चाळिसाव्याला मला चहा पाजला तिनं. पण मी नाही येणार, लेका. रागानं नव्हे. माझ्याही घरात सुना-नातवंडं आहेत.”

“मग मी काय करू?”

“माझं जे होतं ते तुझ्या यंत्रात आहे ना? ते तिचंच आहे. नवं नाही, त्यामुळे कुणाला शोधायला जाणार नाही. इतकी वर्षं तिचीच वाट बघत बसलंय. ते लाव.”

वहबीला हे सुचलंच नव्हतं. परतताना केनाच्या घरात शिरून त्यानं कपाटावरून फीत काढली, जुनं यंत्र पुसलं, नव्या बॅटऱ्या घेतल्या. गाडीत सगळा वेळ ती गाठोडी त्यानं मांडीवर धरली होती. आपण शब्द पाळणार, या विचारानं त्याला दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

उन्हं कलायच्या सुमारास तो घरी पोचला. रतीबाला दोन वाक्यांत सांगितलं, यंत्र बायकांच्या खोलीत तिवईवर ठेवलं, चालू केलं आणि पुरुष म्हणून उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

आधी खरखर. मग कुठला तरी वीस वर्षांपूर्वीचा कोंबडा आरवला. मग नबवियाचा भरदार आवाज उठला, *कबुतरांनो, उतरू नका, दाणे कोण टाकील*, आणि खोलीतल्या बायकांनी माना वर केल्या. यंत्रातल्या बायकांनी दुसरी ओळ म्हटली. पुढच्या वेळी ती ओळ रतीबानं उचलली. मग अम्माच्या नणंदेनं. बघता बघता पंधरा-वीस बायका डोलायला लागल्या, गालांवर हात बसायला लागले, दोन दिवस तुंबलेलं सगळं मोकळं झालं. तफीदाचं नाव, तिच्या किल्ल्या, तिचा ओढता पाय, तिच्याच घरात, तिच्याच माणसांच्या तोंडून. वहबीनं दाराच्या चौकटीला कपाळ टेकलं. आईसाठी त्याला आता कुठे रडू आलं.

*कमरेच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला,* नबविया म्हणाली, आणि मधेच एक पुरुषाचा आवाज आला. तरणा, उत्साही.

“थांबा, थांबा खाला! ही किल्ल्यांची ओळ परत एकदा. तोंड जरा इकडे करा. वा, फारच छान येतंय!”

बायकांचे हात होते तिथेच थांबले. उंबरा ओलांडून बटण दाबायला दोन पावलं पुरे होती, पण वहबी चौकट धरून उभाच राहिला. फीत फिरत राहिली. नबवियाचा आवाज आला, रडून बसलेला.

“लेका, तुझ्या डोळ्यांत पाणी कसं नाही रे?”

“रडेन, खाला, नंतर,” तो तरणा आवाज म्हणाला. “आधी फीत पुरी होऊ दे.”

 बायका दाराकडे बघत होत्या. रतीबा उठली. ती यंत्र बंद करायला उठली असं त्याला वाटलं, पण ती दाराशी आली.

“दादा,” ती म्हणाली, “तू पुरुषांत जाऊन बस.” आणि तिनं दार लावून घेतलं.

आत फीत चालूच होती. किल्ल्यांची ओळ परत आली, त्यानं मागितली होती तशी, स्पष्ट, यंत्राकडे तोंड करून. थोडा वेळ तिला कुणीच साथ दिली नाही. मग रतीबाचा एकटीचा आवाज आला, आणि मागोमाग बाकीच्यांचा. अम्मावर त्या रडल्या, पोटभर रडल्या. तेवढं तिला मिळालं.

वहबी मांडवाकडे गेला नाही. तो अंगणात उभा होता. गच्चीवरची कबुतरं खाली उतरून त्याच्या पायाशी गोळा झाली; त्यांना मंगळवारपासून कुणी दाणे टाकले नव्हते. खिशातून जुडगा काढून तो कोठीच्या दाराशी गेला. अकरा किल्ल्या होत्या. एकेक करून तो कुलपात घालून पाहू लागला. डोळे भरलेले, त्यामुळे कुठली घालून झाली ते ध्यानात राहीना. आत बायका विचारत होत्या, उघडणारी कुठे? आणि कोठीची किल्ली यातली नेमकी कुठली, हे त्यानं अम्माला कधी विचारलंच नव्हतं.